कारखान्याचे पाणी, काळी जमीन आणि अहवालात नसलेला सोडियम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रब्बीचे ओलीत सुरू झाले की औद्योगिक वसाहतींच्या शेजारच्या गावांत एक प्रस्ताव हमखास फिरतो. कारखाना प्रक्रिया केलेले पाणी पाइपने धुऱ्यापर्यंत आणून देणार, तेही फुकट. कास्तकाराने फक्त संमतिपत्रावर सही करायची. सोबत प्रयोगशाळेचा अहवाल असतो आणि त्यातल्या प्रत्येक आकड्यासमोर 'मर्यादेत' असे लिहिलेले असते. जानेवारीतच विहिरीने तळ दाखवलेल्या गावात सही न करणारा विरळाच. हा अहवाल बहुतेक वेळा खराही असतो. पण आपल्या वावरातल्या काळ्या मातीचे पुढे काय होणार, याबद्दल त्यात एक ओळही नसते. म्हणून हे पत्र.

आधी 'प्रक्रिया' म्हणजे काय ते पाहू. सांडपाणी प्रकल्पात तेल-ग्रीस वेगळे होते, गाळ खाली बसतो, आम्ल-अल्कली समतोलात आणले जातात आणि हवा सोडलेल्या टाकीत जिवाणू सेंद्रिय घाण खातात. बीओडी, म्हणजे ती घाण कुजायला लागणारा प्राणवायू, हजारांवरून शंभराखाली येतो. नदीतल्या माशांच्या दृष्टीने हे मोठे काम आहे. पण पाण्यात विरघळलेले मीठ जिवाणू खात नाहीत. सोडियम, क्लोराईड, सल्फेट, बोरॉन हे सारे एका टोकाने आत जाते आणि जसेच्या तसे दुसऱ्या टोकाने बाहेर येते.

खरे तर आत जाते त्याहून जास्त बाहेर येते, कारण प्रक्रियेतच सोडियम मिसळला जातो. आम्ल मारायला कॉस्टिक सोडा, बॉयलरच्या पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरला रोज मिठाच्या पाण्याची धुलाई, शेवटी जंतू मारायला सोडियम हायपोक्लोराईट. दूध प्रक्रिया कारखान्यात पाइप आणि टाक्या कॉस्टिकने धुतात. त्या धुवणात दुधातले आम्ल आणि सोडियम एकत्र येऊन सोडियम लॅक्टेट होते. जिवाणू त्यातले लॅक्टेट खातात आणि मागे उरतो सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडा. प्रकल्प जितका नीट चालेल तितका हा सोडा पक्का. बीओडी उत्तम आणि पाणी मात्र सोड्याचे, अशी ही गंमत आहे.

आता नियमांकडे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सामान्य मानकांत 'सिंचनासाठी जमिनीवर' असा वेगळा रकाना आहे. त्यात सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) ५.५ ते ९, तरंगते घटक लिटरला २०० मिलिग्रॅम, बीओडी १००, तेल-ग्रीस १०, आर्सेनिक ०.२ आणि सायनाईड ०.२ अशा मर्यादा दिल्या आहेत. सीओडीसमोर (घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणारा प्राणवायू) या रकान्यात आडवी रेघ आहे. सोडियमची तर त्या तक्त्यात ओळच नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात बहुधा एकूण विद्राव्य क्षार (टीडीएस) २१००, क्लोराईड ६०० आणि सल्फेट १००० अशी अट असते, तेवढाच आधार. कारखान्याच्या तोंडाशी बसवलेली ऑनलाइन यंत्रेही मुख्यतः सामू, बीओडी, सीओडी, तरंगते घटक आणि प्रवाहच मोजतात.

२१०० ही मर्यादा शेतात उतरवून पाहा. गव्हाला पाच पाळ्या, प्रत्येक पाळीला ६ सेंटिमीटर, म्हणजे एकरी १२ लाख लिटर पाणी. लिटरला २१०० मिलिग्रॅम क्षार धरले तर एका हंगामात एकरी अडीच टन मीठ वावरात आले. पन्नास किलोची पन्नास पोती. पाणी बाष्प होऊन उडून जाते, पोती तिथेच राहतात.

तरी एकूण क्षार हा लहान प्रश्न आहे. मोठा प्रश्न त्या क्षारांत सोडियम किती आणि कॅल्शियम किती, हा. एक नमुना हिशेब करू. समजा पाण्यात लिटरला सोडियम ४६० मिलिग्रॅम, कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम २४, बायकार्बोनेट ४८८, क्लोराईड ४२६ आणि सल्फेट २४० आहे. टीडीएस भरतो दीड हजाराच्या आसपास. म्हणजे टीडीएस पास, क्लोराईड पास, सल्फेट पास. आता हेच आकडे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये घ्या. त्यासाठी सोडियमला २३ ने, कॅल्शियमला २० ने, मॅग्नेशियमला १२ ने आणि बायकार्बोनेटला ६१ ने भागायचे. सोडियम येतो २०, कॅल्शियम ३, मॅग्नेशियम २, बायकार्बोनेट ८. कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज ५, तिचे निम्मे अडीच, अडीचचे वर्गमूळ १.५८. वीसला १.५८ ने भागले की १२.६ मिळतात. हा या पाण्याचा एसएआर, म्हणजे सोडियम अधिशोषण गुणोत्तर. बायकार्बोनेटच्या ८ मधून ५ वजा केले की उरतात ३. ही आरएससी, शिल्लक सोड्याची मोजणी. आरएससी १.२५ पर्यंत पाणी निर्धोक, अडीचच्या वर ओलितासाठी नालायक, असा जुना आणि सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे अहवालात सगळीकडे पास झालेले पाणी इथे नापास होते. अहवालात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि बायकार्बोनेट हे चार आकडे नसतील तर हा हिशेब मांडताच येत नाही, म्हणून ते मागून घ्यावेत.

एसएआर १२ हा आकडा पुस्तकांत 'मध्यम' गटात मोडतो. कारखान्याचे सल्लागार हे पान उघडून दाखवतात. पण ती वर्गवारी जगभरातल्या सर्व तऱ्हेच्या मातींसाठी केलेली ढोबळ वर्गवारी आहे आणि आपली माती काही सर्वसाधारण नाही. अमरावती, अकोला, वर्धा, यवतमाळ पट्ट्यातल्या भारी काळ्या जमिनीत चिकणमातीच निम्म्याहून अधिक असते, आणि तीही स्मेक्टाइट जातीची, म्हणजे ओलीत फुगणारी आणि उन्हात हात जाईल एवढी भेगाळणारी. या चिकणमातीचे कण पत्र्यांच्या चवडीसारखे असतात आणि पत्र्यांवर ऋण भार असतो. कॅल्शियमवर दोन धन भार असल्याने तो दोन पत्रे घट्ट धरून ठेवतो. सोडियमवर एकच भार, शिवाय तो भोवती पाण्याचे जाड वेष्टन घेऊन येतो. तो शिरला की पत्रे दूर सरकतात, कण सुटे होतात आणि पाणी-हवेच्या बारीक वाटांत जाऊन बसतात.

मातीने धरलेल्या एकूण धनभारांपैकी सोडियमचा वाटा किती, याला ईएसपी म्हणतात. पाठ्यपुस्तकात ईएसपी १५ च्या वर गेला की जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या संशोधकांनी पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींवर जे काम केले, त्यातून मात्र आपल्याकडे ५ पासूनच पाण्याचा निचरा बिघडतो, असे पुढे आले. आता वरच्या नमुना पाण्याकडे परत या. असे पाणी वर्षानुवर्षे देत राहिले तर वरच्या थराचा ईएसपी १४-१५ च्या घरात जाऊन थांबतो. वेग किती? या पाण्यातून एकरी हंगामाला साडेपाच क्विंटल निव्वळ सोडियम येतो. वरच्या सहा इंच मातीचा ईएसपी ५ ने वाढवायला साधारण तेवढाच पुरतो. सगळा काही चिकटत नाही, थोडा खाली उतरतो, थोडा वाहून जातो, म्हणून एका वर्षाऐवजी दोन-चार वर्षे लागतात.

आणि या दोन-चार वर्षांत पीक जोरदार दिसते. पाण्यात नत्र असते, पालाश असते, थोडे सेंद्रियही असते. गहू हिरवाकंच येतो, पऱ्हाटी (कपाशी) छातीएवढी होते. (नत्र जादा झाल्याने ती माजते, पाते-बोंडे गळतात आणि तुडतुडे येतात, ते वेगळे.) शेजारी बघायला येतात आणि आणखी चार जण सह्या करतात. पाणी चांगले आहे अशी साक्ष देणारा कास्तकार खोटे बोलत नसतो, पण त्याची साक्ष असते मार्चमधली.

बिघाड दिसतो जून-जुलैत, आणि पाणी दिले होते डिसेंबरात, म्हणून कोणी दोन्हींची सांगड घालत नाही. कारण असे. खारे पाणी जमिनीत असते तोवर त्यातल्या क्षारांच्या दाटीमुळे सोडियमवाले कणसुद्धा एकमेकांना धरून राहतात. रब्बीभर पाणी बऱ्यापैकी मुरते. मग मृगाचा पाऊस पडतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. ते मातीतले सुटे मीठ खाली धुऊन नेते, पण पत्र्यांना चिकटलेला सोडियम जागचा हलत नाही. दाटी संपली, सोडियम उरला, आणि माती विरघळल्यासारखी पसरते. वरचा इंच-दीड इंच थर चिकट लापशीसारखा होतो आणि चार दिवसांच्या उघडिपीत त्याची कडक पापडी बनते. सोयाबीनचा अंकुर ती फोडू शकत नाही. सखल भागात पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही, तूर पिवळी पडते, पऱ्हाटी उभ्या उभ्या सुकते. सगळे म्हणतात, यंदा पाऊसच अंगावर आला.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एक, साचलेले डबके बघा. साध्या किंवा नुसत्या खारवट जमिनीतले डबके एक-दोन दिवसांत निवळते. सोडियम चढलेल्या जमिनीतले डबके आठ दिवस गढूळच राहते, चहासारखे, आणि आटल्यावर तळाला काळपट चकचकीत साय धरते. ती काळी साय म्हणजे सोड्यात विरघळून वर आलेली जमिनीतली सेंद्रिय द्रव्ये.

दुसरी चाचणी घरच्या ओसरीत होते. काचेचा स्वच्छ ग्लास घ्या, त्यात चार बोटे पावसाचे पाणी किंवा बॅटरीत टाकायचे डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचे पाणी चालणार नाही, त्यातले क्षार माती धरून ठेवतात आणि जमीन चांगली असल्याचा भास होतो. वावरातले वाटाण्याएवढे, पूर्ण वाळलेले ढेकूळ हळूच पाण्यात सोडा. ढवळू नका, ग्लास हलवू नका. ढेकूळ फुटून त्याची रास झाली तर घाबरायचे कारण नाही, काळ्या मातीचा तो स्वभाव आहे. पाहायचे ते राशीच्या भोवतीचे पाणी. दोन तासांत तिथे दुधाळ कडे दिसू लागले तर सोडियम बराच चढला आहे. दुसऱ्या दिवशी तळालगत हलका धूसरपणा दिसला तर सुरुवात आहे. चोवीस तासांनी पाणी आरशासारखे राहिले तर तूर्त ठीक. ढेकूळ दोन ठिकाणचे घ्यावे, वरच्या दोन इंचांतले आणि वीतभर खालचे. बहुधा वरचे आधी बिघडलेले असते.

आरोग्यपत्रिका आहे ना, असे कोणी म्हणेल. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्यपत्रिकेत १२ गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप) आणि सेंद्रिय कर्ब. सोडियम तिथेही नाही. तिच्यातली ईसी बहुतेक ठिकाणी एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा द्रावणात मोजलेली असते. पुस्तकातली मीटरला ४ डेसीसायमनची (ईसीचे एकक) खारवटपणाची मर्यादा संपृक्त मातीच्या अर्काची, म्हणजे पूर्ण भिजवलेल्या मातीतून ओढून काढलेल्या पाण्याची असते. चिकण जमिनीत हा दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटी-तिपटीने भरतो, त्यामुळे पत्रिकेतला १.५ बघून 'चारच्या खूप खाली' असे समजू नये. सोडियमसाठी 'विनिमययोग्य सोडियम आणि धनभार विनिमय क्षमता' (माती एकूण किती धनभार धरू शकते ते) अशी तपासणी वेगळी सांगावी लागते.

संत्र्याबद्दल थोडे. कपाशी क्षार पुष्कळ सोसते, तिचे उत्पन्न अर्काची ईसी ७.७ च्या पुढे गेल्यावर घटू लागते. गहू ६ पर्यंत, सोयाबीन ५ पर्यंत तग धरते. संत्रा १.७ लाच मान टाकू लागतो. जंबेरी खुंटावरच्या झाडाला पाण्यातला क्लोराईड लिटरला साधारण ३५० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, रंगपूर खुंटावर सहाशेच्या जवळपास. म्हणजे संमतिपत्रातली ६०० ची मर्यादा पाळणारे पाणीही जंबेरीवरच्या बागेला जड जाते. पानांची टोके आणि कडा तपकिरी होऊन जळतात, मग पानगळ. बोरॉन तर त्याहून नाजूक, संत्र्याला अर्धा ते पाऊण मिलिग्रॅमच्या वर नको. औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या तलावातून झिरपणाऱ्या पाण्यात बोरॉन असतो, तेव्हा तशा भागात बोरॉनची तपासणी केल्याशिवाय आळ्यात थेंब घालू नये. हरभऱ्यालाही हे पाणी नकोच. आणि कोणत्याही पिकाला तुषारने देऊ नये, पानांवर सुकलेले मीठ थेट आत शिरते.

जड धातूंची भीती लोकांना सर्वाधिक वाटते. आपल्या जमिनीत सामू ८ च्या वर, चुनखडी भरपूर, त्यामुळे शिसे, तांबे, जस्त, कॅडमियम वरच्या वीतभर थरात अडकून बसतात, विहिरीपर्यंत सहसा जात नाहीत. पण अडकले म्हणजे साठतही जातात, आणि पालक-मेथीसारख्या पालेभाज्या कॅडमियम चटकन उचलतात. क्रोमियमचे उलटे आहे. त्याचे सहासंयुजी रूप ऋणभारित असल्याने अल्कधर्मी मातीत ते धरले जात नाही, पाण्याबरोबर खाली उतरते. जिथे धातूला मुलामा देण्याचे काम चालते, तिथल्या पाण्याने ओलीत करूच नये आणि लगतच्या विहिरीचे पाणी सहासंयुजी क्रोमियमसाठी तपासून घ्यावे. ओलिताच्या पाण्यासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या अन्न व कृषी संघटनेच्या मर्यादा लिटरला कॅडमियम ०.०१, क्रोमियम ०.१, निकेल ०.२ मिलिग्रॅम अशा आहेत.

आता करायचे काय. पहिले काम पाणी लावण्याआधीचे. ०-२०, २०-४० आणि ४०-६० सेंटिमीटर अशा तीन थरांचे नमुने काढावेत. एकरात आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्यावेत, एकेका थराची माती वेगवेगळ्या प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळावी (जस्ताचा मुलामा असलेले घमेले नको, जस्ताचा आकडा खोटा येतो) आणि चार भाग करत करत प्रत्येकी एक किलोवर आणावी. अर्धा किलो तपासणीला, अर्धा किलो सावलीत वाळवून झाकणाच्या बरणीत घरी. बरणीवर गट क्रमांक, थर, तारीख आणि दोन पंचांच्या सह्या. सोडियम नासत नाही, पाच वर्षांनीही त्या बरणीतला आकडा तोच निघेल. 'ही जमीन मुळातच चोपण होती' या वाक्याला ही बरणी हेच उत्तर आहे, आणि खारपाणपट्ट्यात ते वाक्य ऐकायला मिळणारच, कारण तिथे काही जमिनी खरोखरच मुळात चोपण आहेत.

पाण्याचा नमुना एकदा घेऊन भागत नाही. सॉफ्टनरची आणि टाक्यांची धुलाई ठरावीक वेळी होते, त्या तासांतले पाणी इतर वेळेपेक्षा कितीतरी खारे असते. पेनाएवढा ईसी मीटर मिळतो. तो पाइपच्या तोंडाशी पंधरा दिवस सकाळ, दुपार, रात्र बुडवून आकडे वहीत लिहावेत आणि सर्वांत वरचा आकडा येईल त्या वेळचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. मीटर 'टीडीएस' दाखवत असेल तर तो ईसीला ०.५ ने गुणतो की ०.६४ ने, हे डबीवर पाहावे, नाहीतर एकच पाणी दोन मीटरवर दोन तऱ्हेचे दिसते. लिटरभराची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी. धातूंसाठी दुसरी बाटली, प्रयोगशाळेकडूनच नायट्रिक आम्ल घालून आणलेली. ती मात्र विसळू नये.

कारखान्याकडे करायची मागणी साधी आहे. आम्ल मारायला कॉस्टिकऐवजी चुन्याची निवळी वापरा. आम्ल तेवढेच मरते आणि पाण्यात सोडियमऐवजी कॅल्शियम येतो. चुन्याने गाळ जास्त पडतो, पाइपला थर बसतो आणि गाळाची विल्हेवाट खर्चाची असते, म्हणून कॉस्टिक लाडके. सॉफ्टनरचे खारे धुवण मूळ पाण्यात न मिसळता वेगळे काढून आटवा, ही दुसरी मागणी. एवढ्याने एसएआर पुष्कळ उतरतो.

शेतावर उपाय जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा. पाण्यातली आरएससी १ ने कमी करायला दर हजार घनमीटरला ८६ किलो शुद्ध जिप्सम लागते. वरच्या नमुन्यातले ३ हे १.२५ वर आणायचे तर गव्हाच्या १२ लाख लिटरसाठी एकरी १८० किलो, ८० टक्के शुद्धतेच्या मालाचे सव्वादोन क्विंटल. आधीच बिघडलेल्या जमिनीचा हिशेब जड असतो. विनिमय क्षमता ५० आणि ईएसपी १२ असेल, तो ५ वर आणायचा असेल, तर फक्त वरच्या सहा इंचांसाठी एकरी पावणेतीन टन शुद्ध जिप्सम. ते बारीक, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून पडणारे हवे. मे अखेर टाकून वखराने चार-सहा इंचांतच मिसळावे. खोल नांगरून गाडले तर वरच्या पापडीला त्याचा उपयोग होत नाही. मग पावसाने ते विरघळते, त्यातला कॅल्शियम पत्र्यांवर बसतो आणि सोडियम सुटतो. पण सुटलेला सोडियम बाहेर जायला वाट नसेल तर जिप्सम टाकून पैसे मातीत घातल्यासारखेच आहे. उताराला आडवे रुंद वरंबे आणि सरी, खालच्या धुऱ्याला चर, आणि त्या चराचे तोंड मोकळे, एवढे आधी हवे. पश्चिम विदर्भातल्या सात-आठशे मिलिमीटर पावसात भारी जमीन धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात. जोडीला हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून दीड महिन्यात गाडावा. खत कारखान्यातून येणारे फॉस्फोजिप्सम स्वस्त पडते, पण त्यात फ्लोराईड असते. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या ज्या गावांच्या भूजलात आधीच फ्लोराईड आहे, तिथे ते तपासल्याशिवाय घेऊ नये.

विहिरीला थोडे पाणी असेल तर पेरणीचे आणि पहिले ओलीत विहिरीचे द्यावे, नंतरच्या पाळ्यांत कारखान्याचे आलटून पालटून. पिकाला खारे पाणी सर्वाधिक बाधते ते उगवणीच्या वेळी. धूळपेरणीच्या वावरात तर हे पाणी नकोच.

आता संमतिपत्रातल्या सर्वांत कच्च्या दुव्याकडे. कारखाना रोज एक लाख लिटर पाणी सोडत असेल तर वर्षाचे ३ कोटी ६५ लाख लिटर होतात. गव्हाच्या हिशेबाने ते जिरवायला ३० एकर लागतात, आणि कागदावर बऱ्याचदा पाच-सात एकर बगीचा दाखवलेला असतो. तीस एकर मिळाले तरी जून ते सप्टेंबर कोणी ओलीत करत नाही, कारखाना मात्र रोज चालतो. त्या १२० दिवसांचे १ कोटी २० लाख लिटर साठवायला तीन मीटर खोल आणि एक एकर पसरलेला, खाली अस्तर घातलेला तलाव हवा. त्यात पडणाऱ्या पावसाला जागा सोडायची ती वेगळी. असा तलाव नसेल तर पावसाळ्यातले पाणी नाल्याला जाणार, हे उघड आहे.

म्हणून ग्रामसभेने ठराव करताना सोडियमसह पाण्याचा महिन्याचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, दर मे महिन्यात मातीचा ईएसपी कारखान्याच्या खर्चाने पण कास्तकाराच्या पसंतीच्या प्रयोगशाळेत तपासणे, ईएसपी ५ ला पोचताच पाणी बंद करून जिप्सम आणि चराचा खर्च कारखान्याने देणे, या अटी संमतिपत्रातच लिहून घ्याव्यात. त्याखाली तलावाचा गट क्रमांक, लांबी, रुंदी आणि खोलीही लिहून घ्यावी. सही करायच्या आधी चार जणांनी त्या गटात जाऊन तो तलाव खरोखर खोदलेला आहे का, ते पाहून यावे.

आपले,
माती-पाणी परीक्षणाचे काम करणारे काही वाचक
जि. अमरावती